अंगठा उठत नाही : माणूस आणि संगणक यांच्या व्यवहाराचे मानसशास्त्र

माणूस संगणक वापरतो तेव्हा त्याला काय दिसते, काय समजते, काय लक्षात राहते, कशाची भीती वाटते आणि काही बिघडले की तो दोष कोणाला देतो, या प्रश्नांचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा मानसशास्त्र आणि संगणकशास्त्र यांच्या सीमेवर वाढली. मराठीत तिला ‘मानव-संगणक आंतरक्रिया’ म्हणतात. येथे संगणक म्हणजे केवळ टेबलावरचा पडदा आणि कळफलक नव्हे. रेशन दुकानातले अंगठ्याचे मशीन, अंगणवाडी सेविकेचा मोबाइल, बँकेचे एटीएम, पिकाची नोंद घेणारे ॲप आणि दुकानाच्या गल्ल्याजवळ बोलणारा डबा ही सगळी संगणकाचीच रूपे आहेत. शहरात संगणक प्रथम कार्यालयात आला. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात बऱ्याच लोकांची त्याच्याशी पहिली गाठ सरकारी कामाच्या निमित्ताने पडली.

या जिल्ह्यातील मुरबाड आणि शहापूर हे तालुके या अभ्यासासाठी बोलके आहेत. स्वातंत्र्यलढ्यात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ रोजी जिथे हौतात्म्य आले, तो सिद्धगड याच मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन भिंतीला लागून आहे. परिसरात महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी समाजांच्या वाड्या व पाडे आहेत. भातशेती, रानातला हंगाम आणि वीटभट्टीवरची मजुरी यांवर अनेकांचा संसार चालतो. डोंगराच्या आडोशाला मोबाइलची रेंज जागेजागी तुटते. कल्याण आणि मुंबई मात्र काही तासांच्या अंतरावर आहेत. राज्यकारभाराचे प्रत्येक नवे यंत्र येथे लवकर पोचते, पण ते बनवताना इथला माणूस सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो.

चूक कोणाची

या शाखेचे मूळ संगणकापेक्षा जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमाने उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. वैमानिक पंखांच्या झडपांचा खटका ओढायला जात आणि चाकांचा खटका ओढत. चौकशीत ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा पडे. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चपॅनिस यांच्या लक्षात आले, की दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि दिसायला एकसारखे आहेत. त्यांनी चाकांच्या खटक्याला चाकाच्या आकाराची आणि झडपांच्या खटक्याला पाचरीच्या आकाराची मूठ बसवली. हाताला फरक कळू लागला आणि चुका थांबल्या. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी विमानाची नियंत्रणे हाताळतानाच्या ४६० चुकांचे वर्गीकरण केले. वैमानिकांच्या नावावर पडलेल्या बऱ्याच चुका नियंत्रणांच्या मांडणीतून उपजत होत्या, असे त्यातून दिसले.

या शोधाने विचाराची दिशाच बदलली. चूक माणसात असते की यंत्रात, हा प्रश्न अपुरा ठरला. ती बहुधा दोघांच्या जोडात असते आणि जोड दुरुस्त करता येतो. १९६० मध्ये जे. सी. आर. लिकलायडर या मानसशास्त्रज्ञाने माणूस आणि संगणक यांच्या सहजीवनाची कल्पना मांडली. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबर्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माउसचे जाहीर प्रात्यक्षिक केले. १९८३ मध्ये स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल यांचा या विषयाच्या मानसशास्त्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि शाखेला नाव, पद्धती व मोजमापे मिळाली. महाराष्ट्रात या अभ्यासाचे महत्त्वाचे केंद्र म्हणजे पवईच्या आयआयटीतील आयडीसी, अर्थात पूर्वीचे औद्योगिक अभिकल्प केंद्र. या विषयाची ‘इंटरॅक्ट’ ही आंतरराष्ट्रीय परिषद २०१७ मध्ये मुंबईत, याच आयआयटीत भरली.

डोळा, हात आणि आठवण

अभ्यासाचा पहिला थर शरीराचा आणि स्मृतीचा आहे. पहिली मर्यादा हाताची. फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तिथे नेमका हात पोचायला वेळ जास्त लागतो. मोबाइलच्या पडद्यावरचे बटण किती मोठे असावे, याचा हिशेब या नियमापासून सुरू होतो. लावणी-कापणीत राबलेल्या जाड, कोरड्या बोटाला हरभऱ्याएवढे बटण नीट दाबता येत नाही आणि शेजारचे दाबले जाते. त्यात बोटाचा अडाणीपणा नसतो, बटण बारीक असते.

दुसरी मर्यादा तात्कालिक स्मृतीची. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये माणूस एका वेळी साधारण सात, त्यात दोन कमी-जास्त, गोष्टी मनात धरू शकतो असे म्हटले. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा चारच्या आसपास आणला. मात्र सुटे अंक गटात बांधले की ओझे हलके होते. आधारचा बारा आकडी क्रमांक चार-चारच्या तीन गटांत छापतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. ओटीपीच्या बाबतीत मात्र ही सोय नेहमी मिळत नाही. फोनवर आलेला सहा आकडी संदेश वाचायचा, तो मनात धरून दुसऱ्या पडद्यावर यायचे, मुदतीच्या आत योग्य चौकटीत टाकायचा, ही वाचन, स्मृती आणि हात यांची एकत्र परीक्षा असते. नोंदवलेला क्रमांक घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या फोनचा असेल आणि तो भिवंडीकडे भट्टीवर असेल, तर ती परीक्षा स्मृतीचीही राहत नाही. ओटीपीची रचना करणाऱ्याने ‘एक माणूस, एक फोन’ असे गृहीत धरलेले असते. पाड्यावर बरेचदा ‘एक घर, एक फोन’ अशी स्थिती असते.

आठवण्यापेक्षा ओळखणे सोपे, हा स्मृतीचा आणखी एक नियम. आज्ञा पाठ करून टंकण्याऐवजी चित्रांवर बोट ठेवून काम करण्याची पद्धत १९८० च्या दशकात रुळली, ती यामुळेच. ओळखीलाही अट असते. चित्र ज्या जगातून घेतले ते जग पाहणाऱ्याच्या परिचयाचे असावे लागते. साठवण्यासाठी फ्लॉपीचे चित्र ज्याने फ्लॉपी कधी पाहिलीच नाही त्याला काही सांगत नाही. ‘इथे पोस्टाची पेटी, तिथे कचऱ्याचा डबा’ हे समजायला आधी कोणीतरी समजावून द्यावे लागते.

तिसरी मर्यादा वाट पाहण्याची. दाबल्यावर दशांश सेकंदात प्रतिसाद आला तर काम आपल्या हातून झाले असे वाटते. एका सेकंदापर्यंत विचाराचा धागा टिकतो. दहा सेकंदांपलीकडे लक्ष उडते. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये याविषयी मांडणी केली आणि पुढे या मर्यादा रूढ झाल्या. तुटत्या रेंजमध्ये पडद्यावर ‘गोल गोल फिरत’ राहते आणि माणूस बटण पुन्हा दाबतो. पैसे दोनदा गेले असतील का, अर्ज दोनदा भरला गेला असेल का, ही धास्ती तिथून सुरू होते. यंत्राने ‘काम चालू आहे, पुन्हा दाबू नका’ एवढे समजेल अशा भाषेत सांगितले, तरी ती बरीच ओसरते.

मनातले चित्र

यंत्र कसे चालते याचे एक चित्र प्रत्येकाच्या मनात तयार होत असते. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८० च्या दशकात वापरणाऱ्याच्या वाटेवरच्या दोन दऱ्या दाखवल्या. जे करायचे आहे ते यंत्राकडून कसे करवून घ्यावे हे न कळणे ही पहिली दरी. यंत्राने नेमके काय केले हे न कळणे ही दुसरी. चांगली रचना या दोन्हींवर पूल बांधते.

मुरबाड किंवा शहापूरच्या बाजारात भाजी घेऊन बसलेल्या बाईजवळचा बोलणारा डबा हा दुसऱ्या दरीवरचा उत्तम पूल आहे. यूपीआयची पद्धत २०१६ मध्ये आली. तेव्हा पैसे आले की नाही हे संदेश वाचून पाहावे लागे. वाचता न येणाऱ्या विक्रेत्याला गिऱ्हाइकाने दाखवलेल्या पडद्यावर विश्वास ठेवणे भाग होते, आणि जुने छायाचित्र दाखवून फसवणूकही होई. २०१९ नंतर रकमेची मोठ्याने घोषणा करणारे डबे पसरले. आकडा आपल्या भाषेत, चार लोकांच्या साक्षीने कानावर पडतो. हात चिखलाचे असोत, नजर मंद असो, बाजारात गलका असो, पावती पोचते. रोख पैसे हातात पडल्यावर मिळणारी खात्री या डब्याने आवाजात आणली. म्हणून तो वापरायला कोणालाही वर्ग लावावा लागला नाही.

पहिल्या दरीवर इंद्राणी मेधी यांचे काम मूलभूत आहे. नागपुरात शिकलेल्या या संशोधिकेने बंगळुरूत २००५ नंतर, न वाचता वापरता येईल अशा पडद्यांवर प्रयोग केले. सहभागी होत्या घरकाम करणाऱ्या स्त्रिया. हाताने काढलेल्या साध्या चित्रांत क्रिया दाखवावी लागते, हा त्यातला एक निष्कर्ष. नुसत्या भांड्यांचे चित्र ‘स्वयंपाकघर’ असे वाचले जाते. नळातून पाणी पडते आहे असे दाखवले की ‘भांडी घासणे’ हे काम कळते. अक्षरे येत नसलेल्यांनाही अंक बहुधा ओळखता येतात, म्हणून ते ठेवावेत. एकात एक दडलेल्या यादीपेक्षा एकच सपाट यादी सोपी जाते, कारण वर्गवारीत वर्ग शोधण्याची सवय शाळेतून लागते. या संगणकाच्या आत आपल्या उपयोगाचे काय आहे आणि ते तिथे कोणी ठेवले, हे एखाद्या चित्रफितीतून गोष्टीसारखे सांगितले, तर माणूस पुढे सरसावतो. पडद्यावर काय आहे हे कळणे आणि आपण त्याला हात लावावा असे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या कामातून स्पष्ट झाले.

बाराखडी आणि कळफलक

मराठी माणसाच्या मनातले लिपीचे चित्र बाराखडीचे आहे. संगणक मात्र इंग्रजी कळांचा पाट घेऊन आला. टंकलेखन यंत्रावर देवनागरी बसवताना अक्षरांचे तुकडे करावे लागले होते. अर्धा भाग एका कळीवर, काना दुसरीवर, आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी टंकायची. संगणकावर हे बंधन राहिले नाही. १९८० च्या दशकात इन्स्क्रिप्ट कळफलक प्रमाण झाला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत आणि अक्षर उच्चाराच्या क्रमाने घडते. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांचे तंत्रज्ञान पुढे नेले. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आली. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ हा टंक लाखो संगणकांवर पोचला. संकेत सुटले, टंक मिळाला, तरी बहुतेकांची बोटे अडखळतच राहिली, कारण कळीवरचे अक्षर शोधायचे कुठे हा प्रश्न शिल्लक होता.

आयडीसीतील अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाकडे मनातल्या चित्राच्या बाजूने पाहिले. २००४ च्या सुमारास त्यांनी ‘कीलेख’ हा वर्णमालेच्या मांडणीचा कळफलक केला. २०१३ मध्ये मोबाइलसाठी ‘स्वरचक्र’ आले. पडद्यावर व्यंजने शाळेतल्या तक्त्यासारखी ओळीने लागलेली असतात. ‘क’वर बोट टेकले की त्याच्याभोवती चक्र उमलते आणि का, कि, की, कु, कू, के अशी रूपे पाकळ्यांसारखी दिसतात. हव्या त्या दिशेला बोट सरकवून उचलले की अक्षर उमटते. हलन्त करून पुढचे व्यंजन निवडले की चक्रात ‘क्क’, ‘क्त’, ‘क्ष’ यांच्या बाराखड्या दिसतात. वापरणाऱ्याला नवे काही पाठ करावे लागत नाही. पहिलीत शिकलेलेच पुढे येते.

याच्या उलट वाट रोमन अक्षरांतून मराठी टंकण्याची. तरुणांनी ती सर्रास घेतली, कारण इंग्रजी कळफलक आधीच बोटांत बसला होता. सवयीची ताकद इतकी असते की चांगला पर्याय पुढे असूनही माणूस हातात बसलेलाच धरतो. पण रोमन वाट इंग्रजी अक्षरे येणाऱ्यालाच मोकळी असते. बोलून मजकूर उमटवण्याची सोय आता मोबाइलवर उपलब्ध आहे आणि वाचता-लिहिता न येणाऱ्यांसाठी ती मोठी आहे. तरी तिचे कान प्रमाण मराठीवर तयार झालेले असतात. ठाकरी किंवा कातकरी बोलीतला माणूस यंत्राशी बोलताना शहरी मराठीची नक्कल करू लागतो आणि तीही फसली की गप्प होतो. शाळेत पहिल्या दिवशी त्याच्या मुलाचेही हेच होते.

अंगठ्याची गोष्ट

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. पुढे रेशन दुकानांत ई-पॉस मशीन आले आणि धान्यासाठी बोटाचा ठसा जुळवणे सुरू झाले. कागदपत्र हरवेल, पण बोट हरवणार नाही, हा त्यामागचा विचार. बोट मात्र झिजते. चिखलात भात लावणारे, लाकूड फोडणारे, विटा थापणारे हात ठशाच्या बारीक रेषा गमावत जातात. वय वाढले की कातडी कोरडी होते. यंत्राला सगळ्यात जास्त अडचण त्याच हातांची येते, ज्यांना धान्याची गरज सगळ्यात जास्त असते.

दुकानासमोरचे दृश्य ग्रामीण महाराष्ट्रात सगळीकडे सारखे आहे. म्हातारी काचेवर अंगठा ठेवते. लाल दिवा लागतो. दुकानदार म्हणतो, “आजी, अंगठा उठत नाय, पूस जरा.” ती पदराला अंगठा पुसते, पुन्हा ठेवते. मग ओल्या फडक्याने पुसणे, डोक्याच्या केसांवरून बोट फिरवून तेल लावणे, दुसरे बोट, दुसरा हात. मागे रांग चुळबुळते. शेवटी आजी म्हणते, “माझाच अंगठा खराब झाला.” कधी अडथळा बोटात नसून रेंजमध्ये असतो. मशीन दोन्ही वेळा नकारच देते आणि आजीला कारण एकच ऐकू येते.

मानसशास्त्राच्या दृष्टीने त्या एका वाक्यात पुष्कळ आहे. यंत्र नाकारते, पण का नाकारते हे नाकारलेल्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगत नाही. कारण मिळाले नाही की माणूस ते स्वतःत शोधतो. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून ‘शिकलेली असहायता’ ही कल्पना पुढे आली. आपण काहीही केले तरी फळ बदलत नाही, असा अनुभव वारंवार आला की प्रयत्न करण्याची इच्छाच मावळते. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये उलट बाजू मांडली. ‘हे मला जमेल’ हा विश्वास स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेले पाहिल्याने, कोणी धीर दिल्याने आणि मन शांत असल्याने वाढतो.

या विश्वासाचे एक उदाहरण मुरबाड तालुक्यातच आहे. फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. शिक्षक योगेंद्र बांगर यांचा पुढाकार आणि मोतीराम दलाल धर्मादाय न्यासाचा आधार यांतून ती उभी राहिली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन दुपारच्या वेळी येऊ लागल्या. पोथी वाचता यावी, आपली सही आपण करावी, ही ओढ होती. येथे बँडुरा यांनी सांगितलेले चारही झरे वाहतात. स्वतः गिरवलेले अक्षर, शेजारच्या आजीला जमलेले अक्षर, कौतुक करणारे गाव आणि परीक्षेची भीती नसलेला वर्ग. अंगठ्याऐवजी सही करणे हा या स्त्रियांसाठी मानाचा प्रश्न होता.

त्याच काळात राज्यभर यंत्रांनी पुन्हा अंगठा मागायला सुरुवात केली. साक्षर झालेल्या हातालाही काचेवर अंगठाच टेकवावा लागतो आणि त्या अंगठ्यावरच अविश्वास दाखवला जातो. निरक्षर माणूस कागदावर उमटवायचा तो अंगठा निदान कधी नाकारला जात नव्हता. डोळ्याच्या बुबुळाची ओळख, ओटीपी, आपल्या वतीने धान्य घेणाऱ्या प्रतिनिधीची नोंद असे पर्याय व्यवस्थेत आहेत. ते प्रत्यक्ष दुकानात चालू असणे, माणसाला ठाऊक असणे आणि तीन प्रयत्न फसल्यावर मशीनने आपणहून पुढे करणे, यावरच त्यांचा उपयोग ठरतो.

सक्ती आणि स्वीकार

लोक नवे तंत्र का स्वीकारतात याचे सर्वाधिक वापरले गेलेले प्रतिमान फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडले. हे उपयोगाचे आहे आणि सोपे आहे, असे वाटले की माणूस ते वापरतो. हे प्रतिमान निवड आहे असे धरून चालते. रेशनच्या मशीनला पर्याय नसतो. ते वापरले जाते, यावरून ते आवडले किंवा समजले असा निष्कर्ष निघत नाही. सक्तीच्या यंत्राबाबतची नाराजी आकड्यांत दिसत नाही. ती पळवाटांत, उशिरात आणि दुसऱ्याकडून काम करवून घेण्यात दिसते.

कधी ती उघडही होते. २०२१ मध्ये अंगणवाडीच्या नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आले. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारकडून मिळालेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन त्याच वर्षी केले. फोनची क्षमता कमी आहे, तो अडकतो आणि ॲप इंग्रजीत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या सेविका वर्षानुवर्षे डझनभर नोंदवह्या मराठीत चोख लिहीत आल्या होत्या. वहीत चूक झाली तर ओळ खोडून दुरुस्त करता येते. पडद्यावर ‘चुकीची माहिती’ एवढीच लाल ओळ येते आणि पुढे जाता येत नाही. तंत्राची भीती असती तर त्यांनी ती आधीच दाखवली असती. आपले कसब न ओळखणाऱ्या साधनाला त्यांनी नकार दिला.

रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा छायाचित्र घेऊन लावणे बंधनकारक झाले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पेरा नोंदवण्याचे तलाठ्याचे काम शेतकऱ्याच्या बोटावर आले. दोन्हींत यंत्रासोबत जबाबदारीही सरकली. फोटो वर चढला नाही तर मजुरीचा प्रश्न मजुराचा, नोंद राहिली तर नुकसान शेतकऱ्याचे. लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये दाखवले होते, की यंत्रावर काम सोपवल्याने माणसाचे काम संपत नाही, उलट सर्वांत अवघड प्रसंगच त्याच्या वाट्याला उरतात. मजुरांची हजेरी लावण्यासाठी डोंगरउतारावर रेंज शोधत उभा राहिलेला मेट, म्हणजे कामावरचा मुकादम, हे त्याचे इथले रूप.

मधला माणूस

पाठ्यपुस्तकातले चित्र असे असते, की एक माणूस एका यंत्रासमोर बसला आहे. ग्रामीण भागात ते क्वचितच खरे असते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, योजनेचा अर्ज यांसाठी माणूस महा ई-सेवा केंद्रात जातो आणि टंकतो केंद्रचालक. घरी हेच काम नातू किंवा सून करते. नित्या सांबशिवन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये भारतातील वस्त्यांच्या अभ्यासावरून अशा मध्यस्थ वापराचे प्रकार सांगितले. कधी मधला माणूस आपल्या वतीने सगळे करतो, कधी शेजारी बसून यंत्र चालवतो, कधी पडद्यावरचा अर्थ फक्त समजावून देतो.

मध्यस्थ वाईट असतो असे नाही. तो भाषांतर करतो, धीर देतो, कागद जमवायला सांगतो. पण त्याच्यामुळे संगणकाचा पडदा दोघांचा होतो आणि रचना मात्र एकासाठीच केलेली असते. पासवर्ड गुप्त ठेवावा, ओटीपी कोणाला सांगू नये, हा उपदेश त्यामुळे रोज मोडावाच लागतो. एकदा विश्वासाने ओटीपी सांगण्याची सवय लागली की फसव्या फोनलाही तो सांगितला जातो. पडदा अर्जदाराकडे वळवणे, भरलेली माहिती मोठ्याने वाचून दाखवणारी सोय करणे, हातात समजेल अशी पावती देणे, हे उपाय साधे आहेत. त्यांत मध्यस्थाला जागा आहे आणि माणसाचा ताबाही टिकतो.

यंत्र गरजेच्या मापाचे असावे, हे वारणेच्या अनुभवाने दाखवले. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली भागातील ७० गावांत ‘वारणा वायर्ड व्हिलेजेस’ प्रकल्पाने संगणक केंद्रे उभी केली. पुढे संशोधकांनी पाहिले, तेव्हा संगणकाचा खरा वापर ऊसउत्पादक आणि कारखाना यांच्यातल्या ठरावीक नोंदींपुरताच उरला होता. ते काम मोबाइलवरच्या लघुसंदेशांनी स्वस्तात होऊ शकते, हे काही गावांत करून दाखवण्यात आले. शेतकऱ्याला संगणक नको होता. त्याला आपल्या उसाचे वजन आणि आपला हिशेब हवा होता.

मुले आणि पडदा

२६ जानेवारी १९९९ रोजी सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजी येथे भिंतीत संगणक बसवून तो वस्तीतल्या मुलांसाठी मोकळा सोडला. मुलांनी एकमेकांना दाखवत तो चालवायला शिकून घेतले. पुढे असे प्रयोग सिंधुदुर्गातही झाले. मुलांना चुकण्याची भीती कमी असते आणि ती घोळक्याने शिकतात, हा त्यातला टिकाऊ धडा. यंत्र हाताळता येणे आणि विषय समजणे यांत अंतर आहे, आणि तिथे शिक्षक लागतो, हा दुसरा.

शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेने तो दुसरा धडा प्रत्यक्षात आणला. शिक्षक संदीप गुंड यांनी गावाच्या मदतीने या आदिवासी पाड्यावरच्या शाळेत स्पर्शाने चालणारा पडदा आणि डिजिटल पाठ आणले, आणि राज्यातील पहिली डिजिटल शाळा म्हणून तिची ओळख झाली. अनेक शाळांनी पुढे तो कित्ता गिरवला. पडद्यावरच्या अक्षराला बोट लावले की ते हलते, बोलते. केले आणि लगेच दिसले, यांतून मुलाच्या मनात यंत्राचे चित्र बरोबर बसते. ते मूल घरी जाऊन आजीचा फोन चालवून देते, तेव्हा शाळेची गुंतवणूक घरापर्यंत पोचते.

यंत्राशी माणसासारखे

१९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा संवाद करणारा प्रोग्राम लिहिला. तो वाक्ये उलटवून प्रश्न विचारी, तेवढेच. तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले. बायरन रीव्ह्ज आणि क्लिफर्ड नास यांनी १९९६ मध्ये दाखवले, की यंत्र आहे हे ठाऊक असूनही माणसे त्याच्याशी सामाजिक रीतीने वागतात, त्याच्याबाबत सभ्यताही पाळतात. आजचे बोलणारे, लिहिणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक याच स्वभावावर उभे आहेत. अस्खलित बोलणारा जाणकार असतो, असे माणूस धरून चालतो. समोर यंत्र असेल तर तो अंदाज चुकू शकतो. खताची मात्रा, औषधाचा डोस किंवा योजनेची अट यांबाबत ठाम आवाजात दिलेले चुकीचे उत्तर वाचता न येणाऱ्याला पडताळताही येत नाही. विश्वास कमी पडला की यंत्र वाया जाते, जास्त झाला की माणूस. योग्य विश्वास बसायचा, तर यंत्राने आपल्या खात्रीची पातळी आणि माहितीचे मूळ बोलून दाखवले पाहिजे.

मोजमाप

वापरसुलभता मोजण्याची आंतरराष्ट्रीय व्याख्या १९९८ च्या प्रमाणकात आली. ठरलेल्या माणसांना, ठरलेल्या परिस्थितीत, आपले काम किती नेमके, किती कमी कष्टात आणि किती समाधानाने करता येते, हे तीन निकष तिच्यात आहेत. ‘ठरलेली माणसे’ आणि ‘ठरलेली परिस्थिती’ हे शब्द त्यात सर्वांत मोलाचे आहेत. वातानुकूलित खोलीत, पूर्ण रेंजमध्ये, पदवीधराच्या बोटाने तपासलेले ॲप पाड्यासाठी तपासलेले नसते. तपासणीची रीत खर्चिक नाही. खरे काम घेऊन आलेल्या पाच-सहा माणसांशेजारी बसावे, मदत न करता पाहावे आणि ते कुठे थांबतात, काय पुटपुटतात हे टिपावे. बहुतेक मोठे दोष तेवढ्यात उघडे पडतात.

या भागासाठी मोजण्याचे आणखी एक माप लोकांच्या तोंडी आधीच आहे. ते म्हणजे खेप. प्रयोगशाळेत चुकीची किंमत सेकंदांत मोजतात. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीवरून तालुक्याला आलेल्या माणसाला ‘सर्व्हर नाही, उद्या या’ असे ऐकावे लागले, तर त्या चुकीची किंमत गाडीभाडे आणि बुडालेला रोज एवढी असते. एका दाखल्याला किती खेपा, एका महिन्याच्या धान्याला किती खेपा, एका खात्याची केवायसी व्हायला किती खेपा, हे प्रत्येक यंत्रणेने मोजले आणि जाहीर केले, तर पडद्यावरचा कोणता दोष आधी दुरुस्त करायचा हे आपोआप ठरेल. बी-१७ च्या वैमानिकांना कोणी अधिक सावध राहायला शिकवले नाही. खटक्याची मूठ बदलली. खेपांचा हिशेब ठेवला, तर अंगठ्याच्या मशीनमध्येही कोणती मूठ बदलायची ते दिसेल.